मेटल पावडर घेताय? डब्याच्या वरून सॅम्पल काढणाऱ्यापासून सांभाळून

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं मेटल थ्रीडी प्रिंटिंगचं छोटं जॉबवर्क आहे. एक माणूस ३१६एल ग्रेडच्या (मॉलिब्डेनम असलेल्या, कमी गंजणाऱ्या) स्टेनलेसची पावडर घेऊन आला, भाव बाजारापेक्षा बराच कमी. काऊन बा एवढी स्वस्त, असं विचारलं तर म्हणे, भाऊ कागदावर जाऊ नका, तुमच्यासमोर लेझरने टेस्ट करून दाखवतो. आणि खरंच पिवळ्या केसमधून लिब्सची गन, म्हणजे लेझरने धातू तपासायचं हातातलं मशीन, काढली, आत आर्गॉनची छोटी नळकांडी वगैरे सगळं.

आता ही टेस्ट काय असते तर लेझरचा पल्स धातूवर मारला की तिथला कणभर माल जळून प्लाझ्मा होतो, त्याच्या उजेडाच्या स्पेक्ट्रमवरून कुठलं मूलद्रव्य किती ते कळतं. सुटी पावडर लेझरच्या झटक्याने उडते म्हणून त्याने डबा उघडला, चमच्याने वरची पावडर घेतली, हँड प्रेसमध्ये दाबून टिकली केली आणि गन लावली. क्रोम १७ च्या आसपास, निकेल ११, मॉलिब्डेनम २ च्या वर, कार्बन ०.०३ च्या आत. सगळं ३१६एलच्या हिशेबात. आम्ही खुश, अ‍ॅडव्हान्स दिला.

मशीनने खोटं काहीच सांगितलं नाही राजेहो, खेळ चमच्याचा होता. डब्याचा वरचा थरच तेवढा खरा.

माल अर्ध्यावर आला तसा प्रिंटरच्या रिकोटर ब्लेडखाली (थर पसरवणारी पट्टी) पावडर सरळ पसरेना, गुठळ्या, मध्येच रेघा. पार्ट निघाले पण गिऱ्हाइकाच्या सॉल्ट स्प्रे टेस्टमध्ये (मिठाचं पाणी फवारून गंज बघायची टेस्ट) तांबूस ठिपके आले आणि लॉट परत. मग डब्याच्या बुडातली पावडर बाहेर लॅबमध्ये दिली. एकाच टिकलीवर जागा बदलून शॉट मारले तर मॉलिब्डेनम कुठे २.३, कुठे जवळपास शून्य. चांगल्या गॅस अ‍ॅटमाइज्ड (वितळलेला धातू गॅसच्या झोताने फोडून केलेल्या) पावडरमध्ये प्रत्येक कण त्याच मिश्रधातूचा असतो, एवढा फरक पडत नाही. लेझरचा ठिपका केसाएवढा, कण १५ ते ४५ मायक्रॉनचे, म्हणजे एका शॉटमध्ये मोजकेच कण सापडतात, त्यामुळे ३०४, म्हणजे मॉलिब्डेनम नसलेलं स्वस्त स्टेनलेस, मिसळलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. डेमोत स्क्रीनवर फक्त अ‍ॅव्हरेज दाखवलं होतं हेही आता आठवतं, एकेक शॉट नाही. ऑक्सिजन तर त्याने काढलाच नाही. तो नीट काढायचा तर इनर्ट गॅस फ्युजनवर (पावडर वितळवून ऑक्सिजन मोजणारं लॅबचं मशीन), आणि वापरून परत चाळलेल्या पावडरमध्ये ऑक्सिजन वाढलेला असतो, ती बहुतेक तिथेच पकडली जाते. आमची ऑक्सिजनलाही फेल गेली.

तेव्हा सॅम्पल तुम्ही काढा, विकणाऱ्याला हात लावू देऊ नका. लांब पोकळ नळीने वरून, मधून, बुडातून, आणि प्रत्येक डब्यातून. पावडरचं सॅम्पल कसं घ्यायचं त्याचं एएसटीएम बी२१५ हे स्टँडर्डच आहे. लॅबचा रिपोर्ट दाखवला तर त्यावर एनएबीएलचा (लॅबला मान्यता देणारी संस्था) यूएलआर नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र नंबर, आहे का बघा, आणि त्या लॅबला स्वतः फोन लावा, रिपोर्टवरच्या नंबरवर नाही, वेबसाइटवरच्या.

आणि बिल वाचा बाप्पा. आमच्या बिलावर नुसतं "एसएस पावडर" लिहिलंय, ग्रेड नाही, हीट नंबर (कुठल्या वितळणीचा माल ते सांगणारा नंबर) नाही. वकील म्हणतो तक्रार करू, पण तो माणूस म्हणेल एसएसच दिलं की. पैसे अजून अडकलेलेच. तो आता नवीन फर्मचं कार्ड घेऊन बुटीबोरीत फिरतोय असं कळलं, गन तीच, केस तीच पिवळी.