चार्ल्स लीबमन फुकटात वाचायचा असेल तर

मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. म्हणजे पगार तासावर, उन्हाळ्यात शून्य, आणि पीएचडीची फी मात्र वेळच्या वेळी. विषय आहे धर्मसमुदाय आणि मतदान. तुलनेसाठी अमेरिकेतले ज्यू घे, असं गाइड सरांनी सुचवलं आणि एकच नाव दिलं: ज्यू समाजाचे अभ्यासक चार्ल्स लीबमन. आमच्या ग्रंथालयात ज्यूंबद्दल जे काही आहे ते हिटलरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. एका मोठ्या प्रकाशकाच्या पोर्टलवर गेले, तर एका लेखाला माझे तीन-चार दिवसांचे तास जातील एवढी किंमत. म्हणून ज्यावर हा रिव्ह्यू लिहितेय ती सेवा शोधावी लागली. ‘अमेरिकन ज्यूइश इयर बुक’चा डिजिटल संग्रह. पूर्ण फुकट, लॉगिनसुद्धा नाही.

आधी हे इयर बुक काय प्रकरण आहे ते सांगते. १८९९ पासून निघणारं वार्षिक. १९०८ पासून ‘अमेरिकन ज्यूइश कमिटी’ ते तयार करत होती, आणि २००८ पर्यंतचे सगळे खंड तिने स्कॅन करून ठेवलेत. (२०१२ पासून ते स्प्रिंगर काढतं, ते या संग्रहात नाही.) प्रत्येक खंडात दोन-तीन लांबलचक अभ्यासलेख, लोकसंख्येचे अंदाज, देशोदेशीच्या ज्यूंची वर्षभराची हालहवाल, संस्थांची यादी, नियतकालिकांची यादी, गेलेल्या मंडळींच्या नोंदी, आणि शेवटी पंचांग. आपल्याकडे एखाद्या ज्ञातीची स्मरणिका असते ना, तिला गंभीर संपादक मिळाला तर असं काहीतरी होईल.

साल निवडायचं, अनुक्रमणिका उघडते, लेख वेगवेगळे उतरवता येतात. मी तर निम्मं काम फोनवरच केलं. फक्त एक लक्षात ठेवा: ही जुन्या छापील पानांची स्कॅन आहेत. तक्ता एक्सेलमध्ये हवा असेल तर आकडे हाताने भरावे लागतात.

आता लीबमन. मुळात न्यूयॉर्कचे, जन्म १९३४. येशिवा युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवायचे, १९६९ मध्ये इस्रायलला गेले आणि पुढे बार-इलान विद्यापीठात राहिले. २००३ मध्ये इस्रायल प्राइझ मिळालं आणि त्याच वर्षी वारले. त्यांची पुस्तकं इथे मिळणार नाहीत. पण ज्या तीन लेखांवर त्यांचं नाव उभं राहिलं ते तिन्ही या इयर बुकात आहेत: १९६५ चा अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ ज्यूंवरचा, १९६८ चा रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) कसे घडवले जातात यावरचा, आणि १९७० चा रिकन्स्ट्रक्शनिझमवरचा (ज्यू धर्माला बदलत जाणारी संस्कृती मानणारा पंथ). लेख म्हणायचं इतकंच. पाऊणशे ते शंभरावर पानांचा ऐवज आहे प्रत्येक. आजचं कुठलंही जर्नल संशोधकाला एवढी जागा देणार नाही.

सुरुवात १९६५ पासूनच करा, असा माझा आग्रह आहे. त्या काळी अभ्यासकांनी ऑर्थोडॉक्स पंथाचा निकाल लावून टाकला होता. म्हातारे स्थलांतरित उरलेत, ते गेले की दुकान बंद. लीबमन म्हणाले, थांबा, आधी ऑर्थोडॉक्स कोणाला म्हणताय ते पाहू. मग त्यांनी माणसं वेगळी काढली. एक, युरोपातून आलेले, सवयीने ऑर्थोडॉक्स सिनेगॉगला (प्रार्थनामंदिराला) जाणारे. दुसरे, सभासद ऑर्थोडॉक्स सिनेगॉगचे पण शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीचे) नियम न पाळणारे. आणि तिसरे, खरोखर बांधील असलेले. त्यांच्यातही आधुनिक शिक्षण घेणारे वेगळे आणि जगापासून अंग चोरून राहणारे वेगळे. पहिले दोन गट ओसरतायत म्हणून पंथ संपतोय असं वाटतं, पण तिसरा जोर धरतोय, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे हाताशी पक्के आकडे नव्हते. शाळा कोण चालवतं, रब्बी कुठून येतात, कोणत्या संघटनेचं कोणाशी पटत नाही, यावरून त्यांनी हे जुळवलं.

हे खरं ठरलं का, हे पाहायला दुसरी फुकट सेवा वापरली: प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या जनमत-पाहणी संस्थेचा डेटा. अमेरिकी ज्यूंची त्यांची मोठी पाहणी २०१९-२० मध्ये झाली, अहवाल मे २०२१ मध्ये आला. पत्त्यांवर पत्रं पाठवून लोकांना गाठलं, उत्तर ऑनलाइन द्या नाहीतर कागदावर. त्यातून ४,७१८ ज्यू प्रौढांची उत्तरं जमली. प्रौढ ज्यूंमध्ये ऑर्थोडॉक्स ९ टक्के. पण वयानुसार फोडलं की पासष्टीच्या पुढच्यांत ३ टक्के आणि १८ ते २९ मध्ये १७ टक्के! हा तक्ता पाहिला तेव्हा १९६५ चं पान शेजारी उघडं होतं. अहवाल कुणालाही वाचता येतो. कच्च्या डेटासाठी मात्र फुकट खातं काढावं लागतं. फाइल एसपीएसएस या विकतच्या संख्याशास्त्र सॉफ्टवेअरची असते, पण पीएसपीपी किंवा आर या फुकट सॉफ्टवेअरांत उघडते. वजनांचा रकाना (कोणतं उत्तर किती धरायचं ते सांगणारा) लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका, कारण नमुना मुद्दाम असमान घेतलेला आहे.

राजकारणाकडे येते, कारण माझा प्रबंध त्यावर आहे. अमेरिकी ज्यूंवर एक जुना टोमणा आहे, मिल्टन हिमेलफार्ब यांचा: कमाई एपिस्कोपेलियनांसारखी, मतं पोर्तोरिकनांसारखी. म्हणजे खिसा श्रीमंतांचा आणि शिक्का डेमोक्रॅटिक पक्षावर. (गंमत म्हणजे हेच हिमेलफार्ब तेव्हा इयर बुकाचे एक संपादक होते.) लीबमन यांनी १९७३ च्या पुस्तकात याचं कारण वेगळं मांडलं. धर्मग्रंथात समाजवाद आहे वगैरे गोड उत्तरं त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते ज्यू माणसाला बहुसंख्याकांत मिसळायचंही असतं आणि वेगळं टिकायचंही असतं. ज्या राजकारणात धर्माचा प्रश्नच उरत नाही, त्यात दोन्ही साधतं. पुढे १९९७ मध्ये स्टीव्हन कोहेन यांच्याबरोबर त्यांनी हाच उदारमतवाद चाळणीतून काढला: तितकंच शिकलेल्या इतर अमेरिकनांशी तुलना केली, तर ज्यूंचं वेगळेपण सगळीकडे दिसत नाही, धर्म आणि शासन वेगळं ठेवणं, लैंगिक बाबतीतली मोकळीक अशा काही मुद्द्यांवरच ठळक राहतं. निकालाच्या रात्री ‘अमुक समाजाची मतं’ म्हणून रंगीत पट्ट्या दाखवणाऱ्या आपल्या चॅनेलवाल्यांना हा लेख सक्तीने वाचायला लावावा. पण तो या संग्रहात नाही, तो पैसेवाल्या पोर्टलच्या पलीकडे आहे.

प्यूचे आकडे इथेही उपयोगी पडतात. एकूण ज्यूंपैकी ७१ टक्के डेमोक्रॅट किंवा तिकडे झुकणारे, सुधारणावादी रिफॉर्म पंथात ८० टक्के. ऑर्थोडॉक्स मात्र उलटे, ७५ टक्के रिपब्लिकन बाजूला. २०१३ च्या पाहणीत हा आकडा ५७ होता.

१९६८ च्या रब्बींच्या लेखात मला फार रस वाटला नाही. तीन मोठ्या संस्थांची तुलना आहे, संस्थात्मक इतिहास आवडणाऱ्यांसाठी ठीक. १९७० चा लेख मात्र वर्गात थेट वापरला. तिथे ते अभिजनांचा धर्म आणि लोकधर्म असा भेद करतात: एकीकडे विद्वानांनी ठरवलेला धर्म, दुसरीकडे लोक घरात जो जगतात तो, म्हणजे वल्हांडणाचं जेवण, हनुक्काच्या मेणबत्त्या, मुलगा वयात आल्याचा बार मिट्झ्वाह विधी. अमेरिकी ज्यूंचा लोकधर्म रिकन्स्ट्रक्शनिझमने नेमका शब्दांत मांडला, तरी सभासद मूठभरच; लोकधर्माची पोथी केली की लोक तिच्याकडे फिरकत नाहीत. एस.वाय.च्या मुलांना दोन तास काही कळेना. मग एका मुलीने विचारलं, “म्हणजे मॅडम, शास्त्रात काय लिहिलंय ते माहीत नसतं पण सत्यनारायण घालतात, तसं?” पुढचा तास मला बोलावंच लागलं नाही.

लीबमन स्वतः धर्म पाळणारे होते आणि ते लपत नाही. बांधील लोकांबद्दल लिहिताना त्यांचा हात सैल सुटतो. बाकीच्यांच्या भवितव्याबद्दल लिहिताना कपाळाला आठ्या दिसतात. वाचताना हे धरून चाला.

भारतातल्या ज्यूंसाठी इथे येणार असाल तर फार आशा ठेवू नका, संग्रहाचा भर अमेरिकेवर आहे. कोकणातल्या बेने इस्रायलींसाठी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला, १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेला इतिहासच गाठा. बाकी ज्यांना एखादा समाज सरकारविना आपल्या शाळा, देणग्या, भांडणं आणि मतं कशी सांभाळतो हे शिकायचंय, आणि ज्यांच्या कॉलेजात डेटाबेसची वर्गणी हा शब्दच कुणी उच्चारत नाही, त्यांनी १९६५ चा खंड आजच उतरवून घ्या. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंग करून घेतलं तर समासात लिहायला जागाही भरपूर राहते. पाचपैकी साडेचार. अर्धा तक्त्यांचे आकडे हाताने भरून बोटं दुखली त्याचा.