सहा रात्री-सात दिवसांचं इजिप्त पॅकेज: एवढा एक बदल करून घ्या

सोलापुरातल्या टूर ऑफिसांत इजिप्तचं म्हणून सर्रास दाखवतात ते पॅकेज असं: कैरोत दोन रात्री, अस्वान ते लक्सर नाईलवरच्या बोटीत तीन, शेवटची पुन्हा कैरोत. पहिल्यांदाच जाणाऱ्याला आराखडा चांगला आहे. बोटीमुळे बॅग तीन दिवसांत एकदाच उघडावी लागते आणि कोम ओम्बो, एडफूची देवळं वाटेतच होतात. गडबड आहे ती शेवटच्या दोन दिवसांत आणि 'समाविष्ट नाही' या बारीक अक्षरांत.

आधी ती बारीक अक्षरं. पॅकेज मुंबई विमानतळापासून सुरू होतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचवते, पण गाडीला उशीर झाला तर विमान थांबत नाही. जाताना एक दिवस हाताशी ठेवा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पिरॅमिडच्या आतलं तिकीट बहुतेक वेळा पॅकेजमध्ये नसतं आणि गीझाच्या खिडकीवर रोख चालत नाही. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधीच चालू करा. सुट्टे इजिप्शियन पाउंड मात्र लागतातच. टिपेसाठी 'बक्षीस' हा शब्द तिकडेही हाच आहे, आणि टॉयलेटपासून ड्रायव्हरपर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

गीझाच्या सर्वांत मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडच्या आत जायचं का? वाट सव्वा मीटरच्या आसपास उंचीची, कमरेत वाकून चढत जायची. वर ग्रॅनाइटची खोली आणि रिकामी दगडी पेटी. गुडघे दुखत असतील तर ते पैसे वाचवा.

पॅकेजच्या पत्रकात नुसतं 'म्युझियम' लिहिलं असेल तर कोणतं ते विचारा. तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा आणि थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता गीझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. त्याचं उद्घाटन 1 नोव्हेंबर 2025 ला झालं. जुनी पत्रकं अजून कैरोच्या तहरीर चौकातलंच म्युझियम दाखवतात.

अबू सिंबेलची देवळं 'ऑप्शनल' असतात. घ्याच. अस्वानहून सुमारे 280 किलोमीटर, पहाटे चारच्या सुमारास निघावं लागतं. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ गेलं, पाणी ओसरलं की अजून दिसतं. अस्वानच्या धरणाच्या पाण्याखाली जाणारी रामसेस दुसरा या राजाची ही देवळं मात्र 1964 ते 1968 मध्ये दगड कापून सुमारे 65 मीटर वर नेऊन पुन्हा उभी केली. दारातल्या पुतळ्यांवर कापाचे सांधे शोधून बघा. हिवाळ्यात बसमध्ये गारठा असतो. चादर जड होईल, शाल पुरे.

त्या पहाटेच्या नाश्त्याच्या डब्यात पाव, उकडलेलं अंडं, चीज असं काहीबाही असतं. शाकाहारी माणसाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी जवळ ठेवावी, आठवडाभर टिकते. कैरोत कोशरी खा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पूर्ण शाकाहारी आणि पोटभर.

आता मुख्य दुरुस्ती. पॅकेजमध्ये सहाव्या दिवशी लक्सरचे दोन्ही काठ उरकून रात्री विमानाने कैरो, सातव्या दिवशी अलेक्झांड्रिया: जायला 220 किलोमीटर, यायला तेवढेच, आणि त्याच रात्री परतीचं विमान. अलेक्झांड्रिया काढा आणि शेवटची रात्र कैरोऐवजी लक्सरला घ्या. सातव्या दिवशी कैरोमार्गे परत. मग एक सकाळ पूर्ण 'राजांच्या दरी'ला, म्हणजे राजांच्या थडग्यांना देता येते. साध्या तिकिटात तीन थडगी येतात. रामसेस सहाव्याचं वेगळं तिकीट काढा. आतल्या खोलीच्या छतावर आकाशदेवी नुत लांबलचक पसरलेली आहे, एका टोकाला तोंडाने सूर्य गिळते, दुसऱ्या टोकाला त्याला जन्म देते. गाइडला थडग्यात बोलायला परवानगी नसते, त्यामुळे चित्रांचा अर्थ दारातच समजून घ्या. दुपारी विश्रांती, संध्याकाळी कर्नाकचं देऊळ. एप्रिलनंतर तर असंच करावं लागतं. आपल्या मे महिन्याला सरावलेला माणूसही त्या दरीत भर दुपारी टिकत नाही.

हा बदल विमानाची तिकिटं निघायच्या आधी सांगा. एकदा ग्रुपचं तिकीट निघालं की ऑफिसवाल्याच्याही हातात काही उरत नाही.