जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी 14.2 : साडेतीन स्टार, कापलेला एक वायफायचा आणि अर्धा ओटीटीचा

फ्रीबीएसडी म्हणजे विंडोजसारखी, कॉम्प्युटर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टम, पण आधीच सांगून ठेवतो, हे लिनक्स नाही. मी पण तेच समजून राहिलो होतो, पेनड्राइव्ह लावायचा, नेक्स्ट नेक्स्ट करायचं आणि वीस मिनिटांत वॉलपेपर समोर. हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या खानदानातलं, 1993 पासून चालू आहे, आणि याचा इन्स्टॉलर काम झालं की तुम्हाला काळ्या स्क्रीनवर आणून सोडतो, पांढऱ्या अक्षरात लॉगिन विचारतो, बस. माउस नाही, मेनू नाही, काही नाही. मे महिन्यातली दुपार, कूलर फुल्ल, नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप (पाचव्या जनरेशनचा इंटेल, आठ जीबी रॅम), आणि बाबा मागून येऊन म्हणतात, "काहून रे, कालच आणला न हा? बिघडला पण?"

बिघडला नव्हता. इथे डेस्कटॉप किराण्यासारखा सुटा मिळतो, सामान आणायचं आणि फोडणी आपणच द्यायची. स्क्रीनवर चित्र काढणारं झॉर्ग वेगळं, ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर वेगळा (डीआरएम-केमॉड म्हणतात त्याला), खिडक्या-पॅनलवालं एक्सएफसीई वेगळं, आणि या सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारं डीबस वेगळं चालू करावं लागतं. पॅकेज उतरवणं सोपं आहे, एका कमांडचं काम. घोळ होतो तो नंतर.

पहिला घोळ. सगळं टाकलं, डेस्कटॉप चालू करायची स्टार्टएक्स कमांड मारली, स्क्रीन एकदा लपकन काळी झाली आणि परत अक्षरांवर. दोस्ताला फोन केला तर तो म्हणे, "अबे, लॉग पाहिला का?" नव्हता पाहिला. झॉर्ग आपली सगळी कहाणी व्हार-लॉग नावाच्या फोल्डरमधल्या फायलीत लिहून ठेवतं आणि जिथे खरी चूक असते त्या ओळीच्या सुरुवातीला कंसात दोन ई असतात, तेवढ्याच शोधायच्या, बाकीचं शंभर ओळींचं पुराण सोडून द्यायचं. माझ्याकडे शेवटी लिहिलं होतं की स्क्रीनच सापडली नाही. ड्रायव्हर उतरवला होता पण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, लोडच केला नव्हता ना! गंमत म्हणजे पॅकेज टाकताना त्यानेच खाली मोठा मेसेज दिला होता की इंटेलच्या एचडी 3000 पासून पुढच्या चिपसाठी आय915केएमएस, नवीन एएमडीसाठी एएमडीजीपीयू, हे नाव आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये केएलडी लिस्टला (सुरू होताना काय काय लोड करायचं त्या यादीला) लावा, आणि युजरला व्हिडिओ ग्रुपमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्यांत, टाका. मी तो मेसेज मोबाइलच्या टर्म्स अँड कंडिशन्ससारखा वर सरकवून दिला होता.

मग दुसरा, हा जरा मोठा होता. आरसी डॉट कॉन्फ हाताने उघडली, ओळ लिहिली आणि शेवटचं अवतरणचिन्ह विसरलो. एक चिन्ह! रीबूट केलं तर मशीन अर्ध्यातच थांबलं, म्हणे शेलचा (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता द्या नाहीतर एंटर दाबा. घामच फुटला, मेमधला नव्हे, वेगळाच. ती फाईल म्हणजे खरं तर शेल स्क्रिप्ट आहे, अवतरण उघडं राहिलं की पूर्ण फाईलच वाचता येत नाही आणि सिस्टम सिंगल युजरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये, येऊन बसते. एंटर दाबलं, फाईल उघडून दुरुस्त केली तर सेव्हच होईना, कारण तिथे डिस्क नुसती वाचण्यापुरती जोडलेली असते. माउंट, मग वजा यू, मग तिरकी रेघ, एवढं मारल्यावर लिहायला परवानगी मिळाली, तो एक कोट लावला, एक्झिट केलं, मशीन सरळ पुढे चालू लागलं. तेव्हापासून मी त्या फाइलला हात लावत नाही, सिसआरसी नावाची कमांड आहे ती स्वतः कोट लावते, तिच्याकडूनच करवून घेतो. तुम्ही पण तेच करा राजेहो.

आता डेस्कटॉप आला, पण यूट्यूब लावलं की पंखा जेटसारखा. ग्राफिक्सची माहिती दाखवणाऱ्या जीएलएक्सइन्फो कमांडमध्ये रेंडररच्या (चित्र कोण काढतं त्याच्या) पुढे इंटेलऐवजी एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं, म्हणजे ग्राफिक्स चिप निवांत आणि बिचारा प्रोसेसर सगळं चित्र हाताने काढून राहिला होता. तो व्हिडिओ ग्रुप राहिलाच होता! त्यात माझं नाव टाकलं तरी फरक नाही, अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं की लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय नवीन ग्रुप लागत नाही. केलं, पंखा गप्प.

बाकी किरकोळ. मराठी साइट उघडली तर नुसते चौकोन, नोटोचे देवनागरी फॉन्ट टाकले की नीट. आवाज येत नव्हता कारण तो एचडीएमआयच्या वाटेने जाऊन राहिला होता, सिस्टमच्या सेटिंग बदलणाऱ्या सिसकंट्रोल कमांडमध्ये आवाजाचं डिफॉल्ट युनिट 0 चं 1 केलं. ब्राइटनेससाठी बॅकलाइट नावाची वेगळी कमांड आहे.

वायफायचा मात्र राग आहे. लागतं, पण लिंक 54 एमबीपीएसच्या वर गेलीच नाही. मोठं काही उतरवायचं असलं की मी फोन यूएसबीने जोडून टिदरिंग करतो, ते पहिल्या झटक्यात चाललं. आणि बहुतेक ओटीटी विसरा, त्यांना ब्राउझरमध्ये जे वाइडव्हाइन (व्हिडिओची कॉपी होऊ न देणारं कुलूप) लागतं ते इथे सरळ मिळत नाही, लिनक्सचा ब्राउझर आत बसवायचे जुगाड आहेत पण मी त्या भानगडीत पडलो नाही.

मग साडेतीन तरी काहून? कारण या चार दिवसांत मशीन एकदाही खोटं बोललं नाही. प्रत्येक वेळी चूक कुठे आहे ते कुठेतरी लिहिलेलंच होतं, मेसेजमध्ये, लॉगमध्ये, नाहीतर त्यांच्या हँडबुकमध्ये, जे सालं खरंच वाचण्यासारखं आहे, झॉर्गवर वेगळा धडा, डेस्कटॉपवर वेगळा. मी तीन वर्षांपूर्वीचे कुणाचे व्हिडिओ पाहत बसलो तिथेच माझे दोन दिवस गेले. आणि एकदा बसल्यावर हे हलत नाही, एक्सएफसीई आठ जीबीत मस्त पळतं, झाकण बंद करून उघडलं तरी होतं तिथेच असतं.

कुणी घ्यावं? इंटेलचं जुनं मशीन पडून असेल आणि सुटीचे दोन दिवस असतील तर बिनधास्त. एनव्हिडिया असेल तर त्यांचा वेगळा ड्रायव्हर आहे, ते मी केलेलं नाही. उद्या ऑफिसचं काम द्यायचं असेल तर आज नका टाकू.

बाबा आता त्यावर रोज सकाळी ई-पेपर वाचतात. मॅच मात्र मोबाइलवरच.