सावंतवाडीच्या बाजारातली सुतारकामाची हत्यारे

लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या सावंतवाडीत, बाजारपेठेतील एका जुन्या दुकानातून घरच्या सुतारकामासाठी पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), लाकूड तासायचा लोखंडी रंधा आणि फणसाची एक फळी घेतली. पटाश्या उत्तम आहेत; पोलादाला पाणी नीट दिलेले, म्हणजे ते तापवून कठीण केलेले असल्याने फणसाच्या गाठीवरही धार लवकर बोथट होत नाही. रंध्याबाबत तसे म्हणता येत नाही, कारण तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले असता, पाते जिथून बाहेर येते त्या तोंडाजवळ स्पष्ट फट दिसते, आणि असा रंधा पातळ, सलग सालपट काढण्याऐवजी लाकूड ओरबाडतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासल्यावर तो कामाचा झाला; पण ही मेहनत गिऱ्हाइकाने का करावी?

फळी पिवळीधमक असली तरी आतून ओली होती. इंचभर जाडीला साधारण वर्षभर सावलीत वाळवण्याचा हिशेब धरतात, आणि कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तोही अपुरा पडू शकतो. प्लायवूड घ्यायचे असल्यास ‘आयएस ७१०’ हा मरीन म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा शिक्का पाहूनच घ्यावे. खाऱ्या हवेत पाती पटकन गंजतात, त्यामुळे मशीन ऑइलची बाटली सोबतच घेणे बरे. ती येथे रास्त दरात मिळते.