रोजच्या कामाला कोणती सायकल: काळी, शॉकरवाली, गिअरची की साधी?

घरापासून ऑफिस पाच-सात किलोमीटरवर, वाटेत एखादा उड्डाणपूल, चार महिने पाऊस, रस्त्याला खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि दहा-बारा हजारांच्या पुढे जायची तयारी नाही. पुण्यात सायकल घ्यायला निघालेल्या बहुतेकांचं गणित असंच असतं. दुकानात पाऊल टाकलं की दर्शनी भागात उभी असते ती जाड टायरची, पुढेमागे शॉकर लावलेली, स्टिकरांनी भरलेली सायकल. तिच्यामागे एखादी साधी. काळी सायकल हवी असेल तर पेठेतलं जुनं दुकान गाठावं लागतं. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला लागणारी सायकल वेगळी आणि रोज सकाळी साडेनऊला निघायला लागणारी वेगळी. इथे विचार फक्त दुसरीचा.

माझा कल आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापराची सायकल निवडताना मी दोनच प्रश्न विचारतो: हिच्यात बिघडण्यासारखं काय काय आहे, आणि ते बिघडलं तर वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होईल का? किंमत आणि दिसणं त्यानंतर.

चौघींची ओळख

काळी सायकल म्हणजे हिरो, एव्हन, हर्क्युलिस यांची, 28 च्या चाकांची, सळईच्या ब्रेकची. वजन वीस किलोच्या आसपास, किंमत साधारण 6 ते 8 हजार. शॉकरवालीला 26 किंवा 27.5 ची चाकं, पुढे शॉकर, कधी सीटखालीही. 8 ते 14 हजार. साधी सिंगल स्पीड म्हणजे आडवं हँडल, शॉकर नसलेला कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), केबलचे ब्रेक. 6 ते 10 हजार. आणि गिअरची हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली, 700 सी ची चाकं, मागे 7 गिअर किंवा एकूण 21. ही 13 हजारांपासून वीसपर्यंत जाते. सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा दुकानदार जुन्या छापील किमतीवर अडून बसला तर बिल नीट बघा.

पावसात थांबणार कशी?

माझ्या मते निवड इथेच निम्मी होते. काळ्या सायकलची रिम पोलादी, वर क्रोमचा मुलामा. सळईचा ब्रेक रबर वर ओढून रिमला आतल्या बाजूने, आऱ्यांच्या अंगाने, टेकवतो. कोरड्यात काम चालतं. रिम भिजली की तेच रबर तिच्यावरून नुसतं घसरत राहतं, आणि थांबायला लागणारं अंतर कित्येक पटींनी वाढतं. ब्रेक कितीही आवळा, दोष रिमच्या गुळगुळीत पत्र्याचा आहे. मुंबईचे डबेवाले आणि गावोगावचे दूधवाले भर पावसात अशाच सायकली हाकतात हे खरं. पण त्यांचा वेग संथ आणि हात वर्षानुवर्षं बसलेला असतो. नव्याने सायकलवर येणाऱ्याने जुलै महिन्यात, पुढे रिक्षा अचानक थांबेल अशा रस्त्यावर, त्या ब्रेकच्या भरवशावर राहू नये.

अ‍ॅल्युमिनियमची रिमही भिजते. पण तिथे चाकाचे एक-दोन फेरे होईपर्यंत रबर पाणी पुसून काढतं आणि मग घट्ट धरतं. तिच्यावर व्ही-ब्रेक असेल, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंनी उभे दोन हात आणि वरून आडवी केबल, तर रोजच्या वापराला त्याहून जास्त काही लागत नाही. झिजलेली रबरं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि पान्याने पाच मिनिटांत बदलता येतात.

अडचण अशी की साध्या सिंगल स्पीडमध्ये दोन्ही रिमा मिळतात, आणि रंग दिला की वरून फरक कळत नाही. म्हणून दुकानात जाताना फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाकून न्या. रिमला लावून बघा. चिकटलं तर पोलाद, गळून पडलं तर अ‍ॅल्युमिनियम. दुकानदार 'अलॉय आहे साहेब' म्हणत असला तरी चुंबक लावा.

डिस्क ब्रेक पावसात सर्वात भरवशाचे, यात शंका नाही. पण या किमतीत मिळतात ते केबलवर चालणारे, हलके. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलींची दाटी असते, शेजारची सायकल कलली की तिचं पायडल तुमच्या डिस्कवर दाबलं जातं आणि पातळ चकती जराशी वाकते. मग चाक फिरताना दर फेऱ्याला खस्स-खस्स घासतं. ती सरळ करणं, पॅड जुळवणं, नेमक्या आकाराचे पॅड मिळवणं, हे काम प्रत्येक पंक्चरवाल्याच्या हातातलं नाही. जवळ चांगलं सायकल सर्व्हिसिंगचं दुकान असेल तर डिस्क घ्या. नसेल तर व्ही-ब्रेक.

शॉकर

याबद्दल थोडक्यातच लिहितो. दहा-बारा हजारांच्या सायकलचा शॉकर म्हणजे आत स्प्रिंग आणि प्लास्टिकचे बुश. कडक फोर्कपेक्षा वजन किलो-दीड किलो जास्त. चढावर उभं राहून पायडल मारलं की त्या जोराचा काही भाग स्प्रिंग दाबण्यात जातो. एक-दोन पावसाळ्यांत आत पाणी आणि चिखल जाऊन तो खुळखुळायला लागतो किंवा जाम होतो, आणि या दर्जाचा शॉकर कोणी उघडून दुरुस्त करत नाही, अख्खा बदलतात. सीटखालचा शॉकर तर मुळीच नको. तिथल्या जोडाचे बुश ढिले झाले की मागचं चाकच डुलायला लागतं. खड्ड्यांसाठी हवा असलेला मऊपणा जाड टायरमधून मिळतो. पावणेदोन इंची टायरमध्ये हवा थोडी बेताची ठेवली तर पेव्हर ब्लॉकवर हात बधिर होत नाहीत.

गिअर लागतात का?

हे तुमच्या वाटेवर अवलंबून आहे. डेक्कन, शिवाजीनगर, पेठा, कॅम्प एवढ्यातच फिरणं असेल तर नाही. रोज कोथरूडहून चांदणी चौक चढायचा असेल, स्वारगेटहून कात्रजकडे जायचं असेल, कोंढव्याच्या चढावर घर असेल, तर हो. नागपूर किंवा सांगलीच्या सपाट रस्त्यांवर गिअरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मध्ये एक स्वस्त वाट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. सिंगल स्पीडच्या मागच्या चक्राचे, म्हणजे फ्रीव्हीलचे, दात मोजा. 18 असतील तर त्याजागी 20 किंवा 22 दातांचं बसवून घेता येतं. 18 चं 22 केलं तर पायावर येणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीवर वेग थोडा कमी मिळतो, पाय जास्त फिरवावे लागतात, पण उड्डाणपूल बसून चढता येतो. खर्च काही शे रुपये. चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात, एवढंच.

गिअरच्या सायकलीत मात्र एक दुखणं असतं, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. स्वस्त हायब्रिडमध्ये मागची सगळी चक्रं एकाच गठ्ठ्याने हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, पेचाने बसवलेली असतात. त्या गठ्ठ्याला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे छर्रे आत सरकतात आणि धुरीचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. माणूस ऐंशी-नव्वद किलोचा, वर लॅपटॉपची बॅग, आणि रोज खड्डे, असं असेल तर ती धुरी वाकते, कधी मोडतेही. सिंगल स्पीडला मागे एकच चक्र, त्यामुळे छर्रे बाहेरच्या टोकाजवळ राहतात आणि हा त्रास बराच कमी होतो. अंगाने भारी असाल आणि गिअर हवेतच असतील तर कॅसेट हब, म्हणजे छर्रे टोकाजवळ ठेवणारा हब, असलेली सायकल मागा. ती महाग पडते, पण मागचं चाक टिकतं.

टायर, ट्यूब आणि हवा

इथे काळ्या सायकलला तोड नाही. तिचं टायर तालुक्याच्या ठिकाणीच काय, बाजाराच्या गावातही मिळतं. पंक्चरवाला चाक न काढता टायरची एक बाजू उकलून ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात बुडवून भोक शोधतो आणि पंधरा मिनिटांत मोकळा होतो. हवा टिकत नसेल तर बऱ्याचदा ट्यूब चांगलीच असते, व्हॉल्व्हमधली बोटाच्या पेराएवढी रबरी नळी तेवढी कुजलेली असते. ती चिल्लर पैशांत बदलून होते.

हायब्रिडला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते, ही मोठी सोय. फक्त टायरच्या कडेला छापलेला आकडा पाहून भरायची.

मापांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. काळ्या सायकलचं 28 आणि हायब्रिडचं 700 सी, ज्याला काही जण 28 च म्हणतात, ही दोन टायरं एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. पहिल्याच्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर, दुसऱ्याचा 622. 26 मध्येही जुन्या बारीक टायरच्या सायकली वेगळ्या आणि एमटीबीच्या, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलींच्या, वेगळ्या. नवं टायर आणायला जाताना जुन्याच्या कडेवरचा '40-635' किंवा '47-559' असा आकडा फोनमध्ये टिपून न्यावा.

सुट्या भागांच्या मुबलकतेचा हा फायदा कंपनीच्या नावापलीकडचा आहे. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरीही रस्त्यावरच्या जुन्या अ‍ॅटलास आजही धावतायत, कारण त्यांचे कॉटर, कप, छर्रे, चेन सगळं ठरलेल्या मापाचं आहे आणि कोणत्याही कंपनीचं बसतं. स्टिकर चमकणाऱ्या नव्या सायकलींपैकी अनेकींना हे जमणार नाही.

सामान, चिखल आणि जिना

काळी सायकल मडगार्ड, कॅरिअर, डबल स्टँड, चेनकव्हर घेऊनच येते. बाकी तिघींना हे बहुधा वेगळं घ्यावं लागतं. त्यात कुलूप आणि दिवे धरले तर दीड ते अडीच हजार आणखी. मडगार्डशिवाय पावसाळ्यात ऑफिसला जाता येत नाही, पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. फ्रेमला मडगार्ड-कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहावं.

वजनाचा विचार रात्री सायकल कुठे ठेवणार यावरून करा. खाली कुलूप लावून ठेवायची सोय असेल तर वीस किलोचा त्रास नाही. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, उचलून न्यायची असेल तर काळी सायकल विसरा. चौदा-पंधरा किलोची सिंगल स्पीड खांद्यावर घेता येते.

साडी नेसून, सलवार-कमीज घालून किंवा साठीनंतर सायकल चालवणाऱ्यांनी आडवी दांडी नसलेली फ्रेम घ्यावी. तिला पुढे बास्केट, चेनला पूर्ण झाकण, आणि सिग्नलला उतरताना पाय उंच फेकावा लागत नाही. पुरुषांनाही ती तितकीच सोयीची आहे आणि त्यांनी ती बिनधास्त घ्यावी. रिमचं चुंबक मात्र इथेही लावायचं.

मग कोणती?

वाट सपाट ते मध्यम, अंतर दहा किलोमीटरच्या आत असेल तर कडक फोर्कची सिंगल स्पीड, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा आणि व्ही-ब्रेकसह. मी स्वतः हीच चालवतो आणि ओळखीच्यांना हीच घ्यायला सांगतो. रोज गॅस सिलिंडर, दुधाचे कॅन, दुकानाचा माल न्यायचा असेल तर काळीच, पण पावसात वेग आवरून. वाटेत खरा चढ असेल आणि बजेट पंधरा हजारांपर्यंत ताणता येत असेल तर 7 गिअरची हायब्रिड. 21 गिअर टाळा, पुढच्या गिअरची जादा केबल आणि तिची जुळवाजुळव पदरी पडते आणि शहरात ते गिअर क्वचितच लागतात. शॉकरवाली या कामासाठी मी कोणालाच सुचवणार नाही.

वापरलेली सायकल मिळत असेल तर चेन मोजा: एका पिनेपासून पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचं अंतर नवीन चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतं. त्यापेक्षा एक अष्टमांश इंच वाढलं असेल तर चेन गेली, आणि तिच्याबरोबर बहुधा फ्रीव्हीलही. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडची सायकल असेल तर आऱ्यांच्या मुळाशी गंज बघा, खारी हवा तिथूनच खायला लागते.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. ती घरी जोडायचा मोह झाला तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. तो नेहमीप्रमाणे उजवीकडे पिळत जोराने बसवला की क्रँकमधले, म्हणजे पायडलच्या दांड्यातले, आटे मरतात आणि पायडल कायमचं ढिलं राहतं. दोन-तीनशे रुपये देऊन माहितीच्या मेकॅनिककडून सायकल जोडून घ्या. महिनाभर चालवून झाली की पुन्हा त्याच्याचकडे न्या. नव्या चाकाचे आरे तोवर बसलेले असतात, ते आवळून चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढायला सांगा, आणि ब्रेकच्या केबलीही तेव्हाच ताणून घ्या.