जवानांसाठी मदत द्यायची आहे, पण कोणत्या निधीत?

वर्षश्राद्धाच्या निमित्ताने, मुलाच्या पहिल्या पगारातून किंवा मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून जवानांसाठी काही द्यावं, असं अनेकांच्या मनात असतं. द्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा: मदत सैन्यदलातल्या जवानाला पोचवायची आहे, की सीआरपीएफ-बीएसएफसारख्या केंद्रीय दलातल्या? गावाच्या लेखी दोघेही फौजीच. पण सीआरपीएफ गृह मंत्रालयाकडे आहे, त्यामुळे संरक्षण मंत्रालयाकडच्या सैनिक बोर्डाच्या माजी सैनिकांसाठीच्या योजना त्या घरांपर्यंत जात नाहीत. २०१९ मध्ये पुलवामात गेलेले ४० जवान सीआरपीएफचे होते. त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले.

अशा कुटुंबांसाठी २०१७ पासून ‘भारत के वीर’ हा निधी आहे. इथे एका जवानाच्या वारसांच्या नावे थेट पैसे देता येतात, किंवा सामाईक निधीत टाकता येतात. सुरुवातीपासून एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा ठेवली गेली, आणि मला ती फार रास्त वाटते. बातम्यांत गाजलेल्या घराकडे मदतीचा ओघ लागतो; छत्तीसगडच्या जंगलात एकटा शहीद झालेला जवान कुणाला आठवतही नाही. म्हणून नाव निवडताना कमी ऐकलेलं निवडा, नाहीतर सरळ सामाईक निधीत द्या.

लष्कर, नौदल, हवाई दलासाठी ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड’ आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनात १० जवान गेले, तेव्हा लोक आपणहून पैसे देऊ लागले आणि त्यातून या निधीची वाट निघाली. २०२२ पासून ‘माँ भारती के सपूत’ या संकेतस्थळावरून त्यात देणगी देता येते. मात्र हा निधी नावाप्रमाणेच ‘बॅटल कॅज्युअल्टी’साठी, म्हणजे लढाईत किंवा लष्करी मोहिमेत शहीद वा जायबंदी झालेल्यांसाठी आहे. रजेवर घरी येताना अपघातात गेलेला जवान त्यात बसत नाही.

ध्वजदिन निधीची झोळी त्याहून मोठी. १९४९ पासून ७ डिसेंबरला तो गोळा होतो. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर देता येतो. पेन्शन नसलेले म्हातारे माजी सैनिक, सैनिकांच्या विधवा, मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, असा त्याचा खर्च. यात जवानाचं नाव निवडता येत नाही.

आणि खडकी. पुण्यातलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून मणक्याच्या दुखापतीने पांगळ्या झालेल्या जवानांना सांभाळतं. ध्वजदिन निधीतून त्याला हातभार लागतो, थेट देणगीही चालते. ऐन पंचविशीत कमरेखालचं शरीर गमावलेल्या मुलाला पुढे कित्येक वर्षं व्हीलचेअर, शुश्रूषा, फिजिओथेरपी लागते. त्याच्यासाठी ना मिरवणूक निघते, ना चौकात बॅनर लागतो. माझं मत विचाराल तर एकरकमी मोठी देणगी इथे द्या आणि दरवर्षीची छोटी रक्कम ध्वजदिन निधीला. ताज्या घटनेनंतर द्यायचं असेल, तर दल पाहून पहिल्या दोनपैकी एक.

देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मिळत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला खाते क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय वापरू नका.