मेक्सिकोच्या आखातातील विहिरी कापताना: स्फोटके की पाण्याचा झोत?

मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकी हद्दीत तेलविहीर कायमची बंद करताना, सिमेंटचे बूच बसवल्यानंतर, तिचे तोंड आणि केसिंग (विहिरीला आतून आधार देणारे पोलादी नळ) साधारणपणे समुद्रतळाखाली किमान 15 फुटांवर कापून काढावे लागते. केसिंगमध्ये स्फोटके उतरवणे हा त्यासाठीचा जुना मार्ग असून, एकात एक बसवलेले आणि मध्ये सिमेंट भरलेले नळही त्याने क्षणात तुटतात. परंतु स्फोटाचा दाब पाण्यात पसरून मासे मरतात, सागरी कासवांना आणि डॉल्फिनना इजा पोहोचू शकते; म्हणून निरीक्षक नेमून परिसर मोकळा असल्याची खात्री होईपर्यंत थांबावे लागते आणि वाचलेला वेळ तिथेच खर्ची पडू शकतो.

कासवांचा वावर असलेल्या पाण्यात माझा कौल निःसंशय दुसऱ्या मार्गाला, म्हणजे पाण्याच्या झोताला आहे. गार्नेट या कठीण खनिजाचे कण मिसळलेला हा उच्च दाबाचा झोत आतून गोल फिरत पोलाद आणि सिमेंट दोन्ही चिरतो, शिवाय नळाची कड फुगवत नाही, त्यामुळे तुकडा वर ओढणे सोपे जाते. मात्र नळ एककेंद्री नसतील, म्हणजे एकमेकांच्या बरोबर मध्यभागी बसलेले नसतील, तर दूरच्या बाजूला झोत क्षीण पडतो, आणि सर्वांत बाहेरचा नळ पूर्ण कापला गेला की नाही हे चिखलाखाली दिसत नसल्याने तो उचलूनच पाहावा लागतो.